तेवीस जणांच्या कुटुंबाची डिसेंबरमधील किनारी सहल: ठिकाण, प्रवास, मुक्काम आणि हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच भावंडांची मिळून २३ माणसे आहेत. नऊ जण पुण्यात, पाच नाशिकला आणि सहा ठाण्यात राहतात, तर एक भाऊ पत्नी व मुलीसह डिसेंबरच्या मध्यास न्यू जर्सीहून येणार आहे. सर्वांत थोरल्या आपल्या आई ८१ वर्षांच्या आहेत, त्या माळकरी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या ठाण्याच्या घरी असतात. सर्वांत धाकटे बाळ दीड वर्षाचे आहे. नाताळच्या सुमारास चार रात्री सर्वांनी समुद्रकिनारी एकत्र राहावे, अशी इच्छा आहे. ठिकाण, प्रवास, मुक्काम आणि खर्चाची वाटणी या चारही बाबतींत आपण सल्ला मागितला आहे. कोकणात कौटुंबिक सहली बसवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्या अनुभवावरून हे सविस्तर उत्तर लिहितो.

सर्वप्रथम एक गोष्ट आग्रहाने सांगतो. एवढ्या मोठ्या कुटुंबाच्या सहलीत मुक्काम एकच असावा आणि दिवसाला एकच कार्यक्रम असावा. आजपर्यंत ज्या सहली विस्कटताना मी पाहिल्या, त्यांतील बहुतेकांचे कारण हवामान किंवा हॉटेल हे नव्हते. दोन रात्री इथे, दोन रात्री तिथे आणि रोज चार ठिकाणे, हेच होते. २३ माणसांचे सामान बांधून गाडीत चढवायला दीड-दोन तास सहज लागतात, त्यात बाळाचे दूध, आईंच्या गोळ्या आणि कुणाचा तरी विसरलेला चार्जर यांची भर पडते. एकदा मुक्काम हलवला की सहलीतला अर्धा दिवस गेला, असे धरूनच चालावे. म्हणून प्रत्येक निर्णय घेताना आधी आई आणि बाळ यांना तो कितपत झेपेल हे पाहावे आणि तरुणांच्या हौसेची सोय त्यानंतर त्यातच बसवावी. ती बसते, उलट क्रमाने मात्र कधीच बसत नाही.

ठिकाणाविषयी माझे मत मालवणजवळच्या तारकर्ली-देवबाग पट्ट्याच्या बाजूने आहे. अलिबाग, नागाव, किहीम हे किनारे ठाणेकरांना जवळचे आहेत आणि दोनच रात्री हाताशी असत्या तर मी तेच सुचवले असते. परंतु नाताळच्या आठवड्यात तिथे मुंबईची एवढी गर्दी लोटते की शांतपणे बसायला जागा मिळणे कठीण होते. गणपतीपुळ्याला देवळाचा मोठा आधार आहे आणि आईंना ते मनापासून आवडेल, पण तिथला समुद्र पोहणाऱ्यासाठी धोक्याचा आहे आणि दहा-बारा मुले बरोबर असताना त्यांना चार दिवस पाण्यापासून दूर ठेवणे व्यवहार्य नाही. गुहागरचा किनारा लांब, सुरूंच्या बनाचा आणि निवांत आहे. आपल्यापैकी कुणाला मालवण फारच दूर वाटले तर माझी दुसरी पसंती गुहागरला राहील. गोव्याला या दिवसांत दर चढलेले असतात आणि एकाच आवारात सात-आठ खोल्या मिळवणे अवघड जाते.

तारकर्ली-देवबागची खरी सोय तिथल्या भूगोलात आहे. कर्ली नदी समुद्राला मिळण्यापूर्वी किनाऱ्याला समांतर वाहते, त्यामुळे देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशी माडांची एक अरुंद पट्टी झाली आहे. घर नीट निवडले तर मुलांना समुद्र पायी पाच मिनिटांवर आणि आईंना खाडीकाठी सावलीत खुर्ची, असे दोन्ही साधते. वाळूत चालणे गुडघेदुखीच्या माणसाला फार जड जाते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. मऊ वाळूत पाय रुततो आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यावर ताण येतो. आईंना किनाऱ्यावर न्यायचे तेव्हा ओहोटीच्या वेळी न्यावे, कारण पाणी मागे गेलेली ओली वाळू घट्ट असते आणि काठी टेकत तिच्यावर चालता येते. तिथपर्यंतच्या मऊ वाळूत मात्र दोघांनी हात धरावा.

तारखांच्या बाबतीत माझा सल्ला असा की २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा काळ टाळून २० ते २४ डिसेंबर या चार रात्री धराव्यात. मुलांची शाळा दोन-तीन दिवस बुडेल, हे खरे आहे, आणि त्यासाठी वर्गशिक्षकांशी आधी बोलून घ्यावे लागेल. पण त्या बदल्यात खोल्यांचे दर बरेच खाली असतात, बोटींसाठी रांगा नसतात आणि मुख्य म्हणजे घरमालकाला आपल्याकडे लक्ष द्यायला सवड असते. भाऊ डिसेंबरच्या मध्यास येणार असल्याने त्यांनाही हे जमावे. न्यू जर्सी आणि भारत यांच्या वेळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, तेव्हा त्यांनी निदान दोन रात्री ठाण्यात झोप भरून काढावी आणि मगच पुढच्या प्रवासाला निघावे.

ठाणे आणि नाशिककडची मंडळी व परदेशातून येणारे तिघे मिळून १४ जण होतात. त्यांनी कोकण रेल्वेने यावे. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडते. पूर्वीची १२० दिवसांची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाली, हे अजूनही अनेकांच्या लक्षात नसते. १९ डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण २० ऑक्टोबरला आणि २४ डिसेंबरच्या परतीच्या गाडीचे २५ ऑक्टोबरला उघडेल. या दोन तारखा आजच कालनिर्णयावर लिहून ठेवा आणि दोघांची खाती आधारशी जोडून तयार ठेवा, कारण आरक्षण उघडल्यानंतरची सुरुवातीची वेळ अशा खात्यांसाठीच राखलेली असते. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. म्हणून १४ जणांची सहा, सहा आणि दोन अशी तीन तिकिटे होतील, आणि त्यांतले दोघांचे तिकीट आई व त्यांच्या एका थोरल्या मुलीचे असावे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण त्यातून एका तिकिटावर जास्तीत जास्त दोनच प्रवासी घेता येतात. आईंचे नाव सहा जणांच्या तिकिटात घातले तर ही सोय हातची जाते. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र २०२० पासून बंद आहे, तेव्हा ती हिशेबात धरू नये.

गाडी कोणती घ्यावी, याला महत्त्व आहे. कोकणकन्या रात्री निघते आणि सकाळी कुडाळला पोहोचवते. मांडवी सकाळी निघून दुपारनंतर पोहोचते. आईंना रात्रीच्या गाडीत झोप लागते की नाही, हे विचारून ठरवावे. झोप लागत नसेल तर मांडवीचा दिवसाचा प्रवास त्यांना अधिक सुखाचा होईल. चिपळूण, रत्नागिरीकडचे बोगदे आणि पूल मुलांनाही बघायला मिळतात. मांडवी घेतल्यास २० तारखेला सकाळी निघावे, म्हणजे तिचे आरक्षण २१ ऑक्टोबरला उघडेल. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, तिच्यासाठी कणकवलीला उतरावे लागते. तुतारीचा विचार असेल तर एक दक्षता घ्या: ती दादरहून मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी सुटते, त्यामुळे १९ तारखेच्या रात्री जेवून निघायचे असले तरी तिकीट २० तारखेचे काढावे लागते. या एका चुकीने अख्खी कुटुंबे फलाटावर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. कुडाळ ते तारकर्ली हा साधारण तासाभराचा रस्ता आहे. स्टेशनवर एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि आई व बाळ यांच्यासाठी एक स्वतंत्र मोटार आधीच ठरवून ठेवावी. आपली गाडी कुठल्या फलाटावर लागते आणि जिना चढावा लागेल का, हे आदल्या दिवशी स्टेशनात फोन करून विचारले की चाकाच्या खुर्चीची व्यवस्था सांगून ठेवता येते.

पुण्याचे नऊ जण रस्त्याने आले तर दोन मोटारी चार दिवस हाताशी राहतील आणि ते फार उपयोगी पडते. कोल्हापूरपर्यंतचा रस्ता सरळ आहे, पुढे गगनबावड्याकडून किंवा फोंडा घाटातून कोकणात उतरावे. कोणत्या घाटात काम चालू आहे, हे निघण्यापूर्वी विचारूनच मार्ग ठरवावा. थांबत-जेवत आठ-नऊ तास धरावेत आणि घाट उजेडातच उतरावा. डिसेंबरअखेर तारकर्लीला सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, तेव्हा पुण्याहून पहाटे निघणे आवश्यक आहे. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना पुढे बसवावे आणि कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारण्याचा मोह घाट उतरेपर्यंत आवरावा.

आता मुक्कामाविषयी. या पट्ट्यात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे आणि घरगुती न्याहरी-निवासांची संख्या मोठी आहे. आपल्यासाठी मी एक संपूर्ण न्याहरी-निवास घेण्याचे सुचवतो. अशी घरे बहुधा पाच-सात खोल्यांची असतात आणि सर्व खोल्या आपल्याच असल्या की अंगण, पडवी आणि स्वयंपाकघरासमोरचा ओटाही आपलाच होतो. हे अंगण सहलीचे हृदय असते. रात्री पत्ते, गाण्यांच्या भेंड्या, आईंच्या जुन्या आठवणी हे सगळे तिथे होते, म्हणून खोल्यांच्या छायाचित्रांपेक्षा अंगणाचे छायाचित्र आधी मागवा.

फोनवर घरमालकाला विचारायचे प्रश्न असे आहेत. तळमजल्यावर किती खोल्या आहेत आणि त्यांना किती पायऱ्या आहेत? कमोड असलेली स्वच्छतागृहे किती? कमोडजवळ भिंतीला धरायला दांडी आहे का? गरम पाणी सौर बंबाचे की गीझरचे, आणि वीज गेली तर काय? आणि न्हाणीघरे एकूण किती? या शेवटच्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात. २३ माणसांना चार न्हाणीघरे असतील तर एकेका न्हाणीघराशी सहा जणांची पाळी लागते आणि पंधरा मिनिटांच्या हिशेबाने शेवटच्या माणसाला सव्वा तास थांबावे लागते. बोट नऊला सुटणार असेल तर या एका गणितावर सकाळ अवलंबून असते. सहा-सात न्हाणीघरे मिळाली तर प्रश्नच उरत नाही. आणखी एक बारीक गोष्ट सांगतो: अंगणात माड असतील तर खुर्च्या, झोपाळे आणि बाळाची चटई माडाच्या बरोबर खाली येणार नाही, हे पाहावे आणि नारळ उतरवले आहेत का, हे मालकाला विचारावे. चांगला मालक हे आपणहून सांगतो.

खोल्यांची वाटणी निघण्यापूर्वीच करून सर्वांना कळवावी. आई आणि त्यांच्याबरोबर राहणारी एक मुलगी यांना तळमजल्यावरची, न्हाणीघर आत असलेली खोली द्यावी. बाळाच्या आईवडिलांना स्वयंपाकघराजवळची. आणि अकरा-बारा वर्षांच्या वरच्या सर्व मुलांना एकत्र एक मोठी खोली द्यावी, गाद्या जमिनीवर घालाव्यात. चुलत-आते-मामे भावंडांनी रात्री उशिरापर्यंत जागून मारलेल्या गप्पा हाच त्यांच्या दृष्टीने सहलीचा सर्वांत मोठा भाग असतो. न्यू जर्सीच्या मुलीलाही त्याच खोलीत ठेवावे. तिची वेगळी सोय करण्याचा मोह होईल, पण तिला आपल्या भावंडांची ओळख होण्याची हीच संधी आहे.

समुद्राविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण इथे चूक झाली तर ती भरून येत नाही. भरती-ओहोटीचा अंदाज प्रत्येक मोठ्या माणसाला यायला हवा आणि त्यासाठी कोकणातली जुनी रीत पुरेशी आहे: तिथीची पाऊणपट करावी. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी, साडेदहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही पक्षांत हा हिशेब चालतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या जरा आधी येते आणि तिला उधाण असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याचा चढ-उतार कमी होतो. यावरून दिवसाची आखणी आपोआप ठरते. पौर्णिमेच्या सुमारास सकाळी पाणी चढत असते आणि संध्याकाळी पाच-सहाला पूर्ण ओहोटी असते, त्यामुळे सूर्यास्ताला रुंद, घट्ट किनारा मिळतो. आईंना तेव्हा न्यावे. अष्टमीच्या सुमारास नेमके उलटे होते, संध्याकाळी पाणी वर आलेले असते आणि क्रिकेट खेळायला किनारा दुपारच्या आधी मिळतो. नेमक्या वेळेसाठी स्थानिक मच्छीमाराला विचारावे, त्याचे उत्तर अंतिम मानावे.

पाणी ओसरत असताना मुलांना आत सोडू नये. ओहोटीला पाणी माणसाला आत खेचते आणि ज्याला पोहता येते तोही थकतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ती घटना आपल्यालाही आठवत असेल. हिवाळ्यातला समुद्र शांत दिसतो म्हणून तो सुरक्षित असतो, असे नाही. देवबागच्या टोकाला, जिथे नदी समुद्राला मिळते, तिथे प्रवाह विशेष जोरकस असतो. तिथे बोटीतून जावे, पोहायला उतरू नये. कमरेच्या वर पाणी नाही, सूर्यास्तानंतर पाण्यात कोणी नाही आणि मद्य घेतलेला माणूस दिवसभर पाण्यात नाही, हे तीन नियम आपण कुटुंबातल्या सर्वांत आदरणीय व्यक्तीकडून, म्हणजे आईंकडून, पहिल्याच संध्याकाळी सर्वांसमोर सांगवून घ्यावेत. मेहुण्यांना किंवा थोरल्या भावाला तोंडावर टोकणे धाकट्यांना जमत नाही. आईंनी सांगितले की तो विषय संपतो.

मुलांवर लक्ष ठेवण्याची पद्धतही ठरवावी लागते. दहा मोठी माणसे किनाऱ्यावर असतात तेव्हा प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी बघतो आहे, आणि नेमका तेव्हाच कोणी बघत नसतो. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावाव्यात. पाळीवरच्या दोघांनी फोन खिशात ठेवावा, पाण्याच्या कडेला उभे राहावे, मुले मोजत राहावे आणि पाळी बदलताना पुढच्याला नाव घेऊन सांगावे की आता तुझ्याकडे सहा मुले आहेत. दहा वर्षांखालील मुलांसाठी त्यांच्या मापाची लाइफ जॅकेट घरूनच आणावीत, कारण बोटींवर मोठ्यांच्या मापाचीच जास्त असतात. बोटीत बसताना जॅकेट सर्वांनी घालायचे आणि ते बक्कल लावून घालायचे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचे प्राण गेले. बोट भरलेली वाटली तर उतरावे, पुढची येते. तरुणांना स्कुबा करायचे असेल तर अवश्य करू द्यावे, हिवाळ्यात सकाळच्या वेळी पाणी बऱ्यापैकी नितळ असते. परंतु दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे किंवा सर्दी असलेल्याने पाण्याखाली जाऊ नये आणि हे प्रशिक्षकापासून लपवू नये.

जेवणाचा प्रश्न मालवणात सुखाचा आहे, मात्र आपल्या घरी तो विचारपूर्वक सोडवावा लागेल. आई माळकरी आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी भांडी आणि आधी शिजवलेले शाकाहारी जेवण मिळेल का, हे मालकिणीशी स्वतः बोलावे. काळ्या वाटाण्याचे सांबारे, नीरफणसाची कापे, आंबोळी-चटणी, घावणे, सोलकढी, उकडीचे मोदक एवढे असल्यावर शाकाहारी माणसाला आपण बाजूला पडलो असे वाटत नाही. दुसरी गोष्ट पंचांगाची आहे. ज्या वर्षी अधिक महिना येऊन गेलेला असतो, त्या वर्षी मार्गशीर्ष नाताळच्या आठवड्यापर्यंत लांबतो आणि मग घरातल्या ज्या स्त्रिया गुरुवारचे महालक्ष्मीचे व्रत करतात त्यांचा एक दिवस उपवासाचा आणि पूजेचा असतो. काही जणी महिनाभर मासे खात नाहीत. तेव्हा चार दिवसांचा जेवणाचा बेत ठरवण्याआधी पंचांग उघडून गुरुवार, एकादशी आणि संकष्टी पाहून घ्याव्यात. सुरमईचा मोठा बेत नेमका गुरुवारी ठरला तर निम्मे घर वरणभातावर बसते आणि ते कुणालाच बरे वाटत नाही.

याच संदर्भात एक विनंती करतो. आपल्या घरातल्या कोणत्याही स्त्रीने या चार दिवसांत स्वयंपाकघरात उभे राहू नये, वाढपही करू नये. खर्च वाचवण्यासाठी नाश्ता आपणच करू, असे कोणीतरी म्हणेल आणि ते काम दोन-तीन सुनांच्या अंगावर पडेल. मग त्यांच्यासाठी ही सहल राहत नाही. तीनही वेळचे जेवण मालकाकडून घ्यावे, चहाचा थर्मास पडवीत दिवसभर भरलेला असावा आणि पंगतीत पहिली ताटे बाळाची आई आणि आपल्या आई यांना मिळावीत.

चार दिवसांत काय पाहावे, याचे उत्तर छोटे आहे. पहिल्या दिवशी काहीही पाहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला: शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले, आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. बोटीत चढ-उतार आईंना जमेल असे वाटत नसेल तर त्यांना मालवणच्या धक्क्यावरून किल्ला दाखवावा, तिथून तो पूर्ण दिसतो. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर धामापूरचा तलाव आणि काठावरचे भगवतीचे देऊळ; सोळाव्या शतकातला हा तलाव २०२० मध्ये जागतिक सिंचन वारशाच्या यादीत आला, तिथे दाट झाडी आहे आणि ज्येष्ठांना तासभर शांत बसता येते. याच दिवसांत आसपासच्या गावांच्या जत्रा चालू असतात. एखाद्या जत्रेत रात्री दशावतारी नाटक असेल तर घरमालकाला विचारून एक-दोन तास तरी जावे. अमेरिकेतल्या पुतणीला देवळासमोर पेटीवर गाणारा नाईक, म्हणजे सूत्रधार, आणि रंगवलेला संकासुर पाहायला मिळेल.

आणि एका सकाळी मुलांना लवकर उठवून रापण दाखवावी. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात आणि गावातली वीस-पंचवीस माणसे दोन रांगांत उभी राहून दोर ओढू लागतात. तळवे वाळूत रोवून, मागे झुकत, एका तालात ओढतात. शेवटचा माणूस दोर गुंडाळून पुन्हा पाण्याच्या कडेला पुढे येतो. तास-दीड तासाने जाळ्याची घोळ दिसू लागते, वर घारी जमतात आणि वाळूवर चमचमणारे बांगडे, तारली, कधी एखादा फुगलेला केंड मासा पडतो. विचारले तर मुलांना दोराला हात लावू देतात. मध्ये उभे राहून छायाचित्रे काढू नयेत, कारण ते त्यांचे पोट आहे, आणि हात लावला म्हणून कोणी दोन बांगडे देऊ केले तर नाही म्हणू नये.

खर्चाच्या वाटणीत पैशापेक्षा मने जपावी लागतात. पाच भावंडांची मिळकत सारखी नसते, हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. माझी पद्धत अशी आहे: मुक्काम, जेवण आणि तिथली वाहने हा सामाईक खर्च, प्रवासाची तिकिटे, स्कुबा, खरेदी हा ज्याचा त्याचा. सामाईक खर्चात मोठ्या माणसाचा एक वाटा, पाच ते बारा वर्षांच्या मुलाचा अर्धा, त्याखालील मुलांचा काही नाही, आणि आईंचा खर्च पाचही भावंडांनी समान उचलावा. या हिशेबाने येणाऱ्या रकमेवर दहावा हिस्सा वाढवून प्रत्येक कुटुंबाने ती रक्कम खोल्यांचा विसार देण्याआधीच एका खात्यात जमा करावी. पैसे एकाने सांभाळावेत, निर्णय दुसऱ्याने घ्यावेत. दोन्ही कामे एकाकडे गेली की तो माणूस चार दिवस सर्वांचा नोकर होतो. सर्वांत कमी मिळकत असलेल्या भावंडाला एकट्याने फोन करून, त्यांना झेपेल तो आकडा आधी विचारावा आणि घराची निवड त्या आकड्यात बसेल अशीच करावी.

परदेशातले भाऊ सगळा खर्च आपण करतो, असे म्हणण्याची शक्यता बरीच आहे. त्यांचे मन मोडू नये, पण ते स्वीकारूही नये. सगळा खर्च एकाने केला की जेवणाची वेळ, गाडीतली जागा, सगळ्यात इतर जण संकोचतात. त्यांना एक ठरावीक गोष्ट द्यावी, उदाहरणार्थ आईंची मोटार चारही दिवस किंवा शेवटच्या रात्रीचे जेवण. ती त्यांची म्हणून सर्वांच्या लक्षात राहील.

औषधांबद्दल थोडक्यात: आईंच्या गोळ्या सहा दिवसांच्या, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, चालू औषधांची चिठ्ठी, बाळाचे तापाचे औषध आणि मीठ-साखरेची पाकिटे. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. दुपारी ऊन ३० अंशांच्या वर जाते आणि रात्री गार वारा सुटतो, म्हणून टोपी आणि शाल दोन्ही हवीत.

आत्ता लगेच करायची कामे दोन आहेत. या आठवड्यात आईंच्या डॉक्टरांना या प्रवासाबद्दल विचारा. त्यांनी हरकत घेतली नाही तर देवबागच्या तीन-चार घरमालकांना फोन करून वरचे प्रश्न विचारा, आणि पुण्याहून एखादे जोडपे एका शनिवार-रविवारी जाऊन घर प्रत्यक्ष पाहून येत असेल तर तसे करा. त्यांनी कमोड, पायऱ्या, अंगण आणि घरापासून पाण्यापर्यंतची वाट यांचे फोनवर चित्रण करून सर्वांना पाठवावे. विसार त्यानंतर द्यावा आणि किती दिवस आधी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे मालकाकडून लिहून घ्यावे.